कापूस वेचणीचा हिशेब करणारा प्रोग्राम स्वतः बनवायचा हाय, कोणती भाषा शिकू?

काळीमाती_नेर

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातला, घरची शेती करतो, कपाशी अन मधात तुरीची तासं. बी.ए. झालं हाय, कॉम्प्युटरचं म्हणाल तं एमएससीआयटी केली होती तेवढंच, मराठी टायपिंग बऱ्यापैकी येते.

मुद्दा असा हाय का, दसरा-दिवाळीच्या आसपास सीतादही (वेचणीच्या आधीची वावरातली पूजा) झाली का वेचणी सुरू होते, गावातल्या बाया वेचाले येतात, संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगून एकेकीचं गाठोडं मोजतो अन वहीत लिहितो कोणाचं किती किलो. बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे वाटाचे असतात तवा सगळ्या आठवड्याची बेरीज, त्यातून कोणी उचल घेतली असन तं ते वजा, अन भाव पण एकच नसते, पहिल्या वेच्याले (वेचणीच्या पहिल्या फेरीले) एक, झाडावर कापूस कमी राह्यला का किलोमागं वाढवून द्यावाच लागते. हे सगळं रात्री बसून कॅल्क्युलेटरवर करतो. बायांच्या घामाचा पैसा हाय तो, एक रुपाया इकडंतिकडं व्हायले नको असं मले मनापासून वाटते.

तं हा हिशेब करणारा प्रोग्राम मले स्वतः बनवायचा हाय. तयार ॲप सांगू नका, त्यात वेचा अन उचल हे काही बसत नाही, अन मले हे शिकायची लय दिवसाची इच्छा हाय. पण कोणी म्हणते सी पासून सुरू कर, कोणी म्हणते जावा, कोणी पायथॉन, कोणी जावास्क्रिप्ट. माझ्याकडं ॲन्ड्रॉइड फोन हाय अन एक जुना लॅपटॉप, २ जीबी रॅमचा, विंडोज ७ वाला. नेट गावात पाण्याच्या टाकीजवळच नीट येते. वेचणी लागायच्या आत काहीतरी चालू व्हावं अशी इच्छा हाय. पुढं जमलं तं वावरातल्या टाक्यात पाणी किती हाय हे पण कळावं असं काहीतरी करायचं मनात हाय, लाईन रात्रीची येते अन मोटर चालू करून भरलं का नाही पाहाले जावं लागते.

संत्रापट्टा_वरुड

पायथॉन घ्या भाऊ, दुसरा विचार करू नका. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, त्यांच्या साइटवर जे मोठ्या अक्षरात डाउनलोड दिसते ते तुमच्या लॅपटॉपवर चढणार नाही. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८ हाय, ३.९ पासून विंडोज ७ बंद केलं त्यांनी. जुन्या आवृत्त्यांच्या यादीत ३.८ शोधा, अन विंडोजचा सर्व्हिस पॅक १ टाकलेला हाय का ते पाहा. हिशेबाच्या कामाले ३.८ मध्ये काहीच कमी पडत नाही. सोबत आयडल नावाचं लिहायचं खिडकीवालं येते, तेवढं पुरे, भारी भारी एडिटर २ जीबीवर टाकू नका, मशीन रेंगते.

अन पायथॉन २ ची जुनी पुस्तकं किंवा व्हिडिओ भेटले तं बाजूले ठेवा. ती १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. ओळखायची खूण, प्रिंटच्या पुढं कंस नसला तं ते जुनं.

वऱ्हाड_अकोला

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढ्या कामाले भाषा कायले पाह्यजे? एक्सेल किंवा गुगल शीट घ्या, एका रकान्यात नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात किलो, चौथ्यात भाव, सम-इफचा फॉर्म्युला लावला का एकेका बाईची बेरीज येते. एका संध्याकाळी होते काम. आम्ही कृषी केंद्राची उधारी वर्षानुवर्षं अशीच ठेवतो अन एक अडचण नाही. वेचणी लागली का तुमच्याकडं वेळ राहणार नाही, तेव्हा प्रोग्राम अर्धवट राहिला तर पुन्हा वहीच.

काळीमाती_नेर

दादा तुमचं बरोबर हाय, राग कायचा. पण मले शिकायचं पण हाय हो, नुसता हिशेब निघून उपयोग नाही. पोरगी सहावीत हाय, ते पण बाजूले बसते म्हणते.

मास्तरीण_अमरावती

मी डिप्लोमाच्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवते, आणि खरं सांगते, तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. बहुतेक जण भाषा आधी ठरवतात आणि मग तिचं काय करायचं ते शोधत बसतात. तुमच्याकडे काम आधी आहे आणि ते रोजचं आहे. याच्यात अर्धी लढाई जिंकलेली असते.

अकोल्याच्या दादांचं टाकून देऊ नका. आधी शीटच बनवा, पण ती प्रोग्रामचा नकाशा म्हणून. रकाने ठरवताना जे प्रश्न पडतील तेच प्रश्न प्रोग्राममध्ये पडणार आहेत आणि ते तिथे सोडवणं सोपं जातं. उदाहरणार्थ भाव कुठे ठेवायचा? नवीन माणूस प्रोग्रामच्या वर एकच ओळ लिहितो, भाव बरोबर अमुक, आणि महिन्याने भाव वाढवला की मागच्या सगळ्या वेच्याचा हिशेबही नव्या भावाने बदलून बसतो. म्हणून त्या दिवसाचा भाव त्या दिवसाच्या नोंदीतच लिहा. उचल पण वेगळी नोंद, तारखेसह. जुन्या नोंदीला हात लावायचाच नाही, चुकलं तर खाली दुरुस्तीची नवी नोंद. चांगल्या खातेवहीत खाडाखोड करत नाहीत, हाच नियम.

दुसरं, नाव. गावात दोन सुनंदा असतातच. पायथॉनमध्ये डिक्शनरी नावाची वस्तू आहे, नाव दिलं की त्याच्या पुढची बेरीज देते, अशा कामाला फार सुंदर. पण नाव हीच किल्ली ठेवली तर दोघी सुनंदांचा कापूस एका खात्यात जाईल. आणि शांताबाई एका दिवशी जोडून लिहिलं, दुसऱ्या दिवशी जागा सोडून, तर ती दोन बाया होतात. त्याहून बारीक गोष्ट सांगते, वऱ्हाडे आडनावातला तो ऱ्ह वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, स्क्रीनवर अगदी सारखा दिसतो पण आतले कोड वेगळे, त्यामुळे पायथॉन म्हणतं ही दोन नावं आहेत. हे डोळ्यांनी सापडतच नाही. म्हणून प्रत्येकीला क्रमांक द्या, नावांची यादी एकदाच नीट लिहा, आणि रोज फक्त क्रमांक आणि वजन टाका. धुऱ्यावर उभं राहून फोनवर टाकायचं असेल तर हे सोपंही पडतं.

तिसरं, पैसे. बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, पायथॉनमध्ये उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. मशीन दोनच अंकांत मोजतं, त्यात ०.१ नेमका बसत नाही, जसं आपल्याकडे १ भागिले ३ दशांशात कधी संपत नाही. एका ओळीत फरक पडत नाही पण हिशेबात ही सवय नको. वजन ग्रॅममध्ये ठेवा, साडेबत्तीस किलो म्हणजे ३२५००, मजुरी रुपयांऐवजी पैशांत ठेवा, पूर्ण आकडे, आणि दाखवताना शेवटी भागा. आणि राऊंड नावाचं फंक्शन वापराल तेव्हा लक्षात असू द्या, पायथॉन ३ मध्ये १२.५ चं राऊंड केलं तर १२ येतं आणि १३.५ चं १४, बरोबर अर्धा असला की जवळच्या सम आकड्याकडे जातं. तुम्ही म्हणालात ना एक रुपया इकडंतिकडं नको, तर अर्धा रुपया आला की बाईच्या बाजूने वरचा धरायचा हे तुम्ही स्वतः लिहायचं, मशीनवर सोडायचं नाही.

आता भाषा. पायथॉनच, आणि कारण तुमच्या बाबतीत खास आहे. ती मराठीला पाहुणी समजत नाही. पायथॉन ३ मध्ये तुम्ही वजन, भाव, उचल अशी नावं देवनागरीत देऊ शकता, म्हणजे मजुरीची ओळ चक्क वजन गुणिले भाव अशी वाचता येते. एवढंच नाही, १२ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी मजकुराचा पूर्ण आकडा करणारं इंट फंक्शन तो बरोबर १२ म्हणून घेतं, १२.५ दशांशाच्या फ्लोटला दिला तरी चालतो. मुलगी बाजूला बसते म्हणता तर तिला हे फार आवडेल. कीवर्ड मात्र इंग्रजीच राहतात, इफ, फॉर, व्हाइल, डेफ, पण रोज लागणारे पंधरा-वीसच आहेत.

शिकायचा क्रम असा धरा. आधी प्रिंट आणि इनपुट, मग आकडे आणि मजकूर यातला फरक, कारण इनपुटने जे येतं तो नेहमी मजकूर असतो, त्याचा आकडा करावा लागतो, नवीन माणसाची पहिली अडचण इथेच येते. मग इफ, मग फॉर, मग लिस्ट आणि डिक्शनरी, मग फाइलमध्ये लिहिणं-वाचणं. इथे थांबा. क्लास, ऑब्जेक्ट, डेकोरेटर वगैरे व्हिडिओत येईल, तुमच्या हिशेबाला त्यातलं काही लागत नाही, पुढच्या उन्हाळ्यात बघा. पोकळ जागा, म्हणजे इंडेंटेशन, चार स्पेस ठरवून ठेवा, टॅब आणि स्पेस मिसळू नका.

नेट कमी आहे म्हणता तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, फुकट, आणि उतरवून घेता येतात. टाकीजवळ उभं राहून उतरवा आणि घरी बघा. ते ऐकत बसायचे नाहीत, बाजूला आयडल उघडून थांबवत थांबवत सोबत टाइप करायचे. फोनवर पायड्रॉइड ३ हे पायथॉन लिहायचं-चालवायचं ॲप टाका, एकदा घेतलं की बिननेटचं चालतं. ओटीजी वायरने साधा कीबोर्ड फोनला जोडता येतो, त्याने फार फरक पडतो.

झाडीपट्टी_गोंदिया

ताईंचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली. प्रोग्राम चालणार कुठे? धुऱ्यावर, फोनमध्ये. पायथॉनचा प्रोग्राम फोनवर म्हणजे काळी खिडकी, त्यात क्रमांक टाइप करा, एंटर दाबा. घरच्या दुसऱ्या कोणाला दिला तर ते बिचकतील. जावास्क्रिप्ट घेतली तर एक एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची फाइल, लिहायची, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायची, बटणं, रकाने सगळं दिसते, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. मी आमच्या धानाच्या रोवणीची मजुरी अशाच फाइलवर ठेवली, घरी सगळेच वापरतात. आणि जे लिहिलं ते लगेच डोळ्याला दिसते म्हणून शिकायची गोडी राहते.

मास्तरीण_अमरावती

गोंदियाचे दादा, मुद्दा रास्त आहे, दिसण्याच्या बाबतीत जावास्क्रिप्ट पुढे आहे. मला काळजी दोन गोष्टींची. एक, ती चूक झाली तरी बोलत नाही. मजकूर ५ आणि आकडा ३ यांची बेरीज केली तर ५३ देऊन मोकळी होते, पायथॉन तिथेच थांबून सांगतं की मजकूर आणि आकडा मिसळलास. पैशांच्या हिशेबात गप्प राहणारी भाषा नवशिक्याला नको. आणि देवनागरी आकडा नंबर फंक्शनला दिला तर तिच्याकडून आकडा नाही एवढंच उत्तर येतं. दुसरं, नोंदी ब्राउझरच्या साठ्यात राहिल्या आणि कोणी फोन साफ करताना ब्राउझरचा डेटा पुसला तर अख्खा हंगाम गेला. रोज बाहेर फाइल काढून ठेवत असाल तर गोष्ट वेगळी.

झाडीपट्टी_गोंदिया

हो ताई, रोज रात्री फाइल काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो. ते केल्याशिवाय वापरू नये हे बरोबर. नंबर टाकायच्या चौकटीचा प्रकार नंबर ठेवला की फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडते, त्याने देवनागरीचा प्रश्न बराचसा मिटते. तरी भाऊंना एकच सांगतो, पहिली पायथॉन घेतली तरी पुढच्या वर्षी हीच वही ब्राउझरमध्ये करून पाहा, तर्क तोच राहते, फक्त लिहिण्याची रीत बदलते.

घाटाखाली_बुलडाणा

कोणी टाक्याच्या पाण्याबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो, माझा तोच छंद आहे. त्या कामाला बाजारात आर्डुइनो आणि ईएसपी३२ असे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपचे छोटे बोर्ड मिळतात. आर्डुइनो उनोच्या जुन्या आर३ बोर्डवर रॅम फक्त २ केबी आहे, तिथे सी प्लस प्लस सारखी भाषा चालते. ईएसपी३२ वर रॅम ५२० केबी, वायफाय पण आहे, आणि त्यावर मायक्रोपायथॉन चालतं, म्हणजे तुम्ही हिशेबासाठी जे शिकाल तेच इफ, फॉर, डेफ तिथे कामाला येतील. डेमियन जॉर्ज नावाच्या माणसाने २०१३ साली लोकांकडून पैसे उभे करून हे मायक्रोपायथॉन केलं, छोट्या चिपसाठीच. त्यामुळे दोन्ही कामांचा विचार केला तर पायथॉनच पडतं. सी पासून सुरू कर म्हणणारे चुकीचे नाहीत, मशीन आतून कसं चालतं ते सी ने कळतं, पण ज्याला वेचणीच्या आत हिशेब पाहिजे त्याने मेमरीच्या पत्त्यांत अडकू नये.

पाणी मोजायला अल्ट्रासोनिक सेन्सर टाक्यावर खाली तोंड करून लावतात, तो आवाज सोडतो, परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, वेळ गुणिले आवाजाचा वेग भागिले दोन म्हणजे अंतर. नेटवरच्या सगळ्या प्रोग्राममध्ये वेग ३४३ मीटर दर सेकंद लिहिलेला असतो. तो २० अंश तापमानाचा आहे हो, आपल्या इकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. ३३१.३ मध्ये तापमानाची ०.६ पट मिळवली की खरा वेग येतो, ४५ अंशाला साधारण ३५८. म्हणजे पाणी २ मीटर खाली असताना तुमचा सेन्सर १ मीटर ९१ सेंटीमीटर दाखवेल, ८-९ सेंटीमीटरचा फरक, टाकं रुंद असेल तर त्यात बरंच पाणी येतं. सोबत तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग प्रोग्राममध्येच काढा, एकाच ओळीचं काम आहे. आणि एचसी-एसआर०४ हा साधा अल्ट्रासोनिक सेन्सर ५ व्होल्टचा असतो, ईएसपी३२ च्या पायाला (पिनला) ३.३ च चालतात, मधात दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज कमी करूनच जोडा. मोटरच्या स्टार्टरला मात्र सध्या हात लावू नका, ते थ्री फेजचं काम आहे, वायरमनला सोबत घेतल्याशिवाय नाही.

संत्रापट्टा_वरुड

बुलडाण्याचे भाऊ, तापमानाचं हे भारी सांगितलं, आमच्या शेततळ्यावर लावून पाहतो.

काळीमाती_नेर

सगळ्यायले मनापासून धन्यवाद. पायथॉन ३.८ चढलं लॅपटॉपवर. पोळ्याच्या सुट्टीत पोरगी अन मी बसलो, नावांची यादी ते वाचून दाखवत होती अन मी टाइप करत होतो. क्रमांक टाकला का नाव दाखवते, मग वजन विचारते, भाव विचारते, अन फाइलमध्ये एक ओळ वाढवते. मागच्या सालची वही घेऊन एका आठवड्याचा हिशेब टाकून पाह्यला, वहीतल्या बेरजेशी जुळला. वजन ग्रॅममध्येच ठेवलं, ताईनं सांगितलं तसं. बेरीज अन भाव ह्या शब्दायनंच ओळी लिहिल्या, पोरीले वाचता येते सगळं.

आता अडकलो ते असं, सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी फाइल) केली अन शाळेतल्या गुरुजींच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली तं नावायच्या जागी नुसती चित्रविचित्र अक्षरं, अन प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ. नोटपॅडमध्ये उघडली तं मराठी बरोबर दिसते. एआयले विचारलं तं त्यानं पूर्ण प्रोग्रामच नवीन लिहून देला, तो चालते पण मले त्यातलं अर्धं समजत नाही म्हणून वापरला नाही.

मास्तरीण_अमरावती

नाही वापरला ते फार चांगलं केलं. एआयला पूर्ण प्रोग्राम मागू नका, एरर आली की तिची शेवटची ओळ टाका आणि म्हणा हिचा अर्थ सांग, दुरुस्ती मी करतो. पायथॉनच्या एररमध्ये शेवटची ओळच आधी वाचायची असते, चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथे असतं.

तुमच्या दोन्ही अडचणी छोट्या आहेत. रिकाम्या ओळी विंडोजमुळे येतात, सीएसव्हीसाठी फाइल उघडताना ओपनच्या कंसात न्यूलाइन बरोबर रिकामं अवतरण असं द्या, जातील. अक्षरांचं असं की फाइल बरोबरच आहे, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत (एनकोडिंगमध्ये) आहे, पण एक्सेलला ते कळत नाही, सुरुवातीला तीन बाइटची एक खूण लागते. ती खूण टाकायला एनकोडिंगच्या जागी यूटीएफ-८-सिग असं लिहायचं.

फक्त रोजच्या नोंदींच्या फाइलला हे करू नका. ती आधीच बिनखुणेची सुरू झाली आहे, तिच्यात पुढे ओळी वाढवताना खूण पडणार नाही आणि एक्सेल तसंच दाखवत राहील. ती साधी यूटीएफ-८ राहू द्या. पैसे वाटायच्या आदल्या दिवशी प्रोग्रामने ती वाचून एक वेगळी फाइल बनवावी, क्रमांक, नाव, एकूण किलो, मजुरी, उचल, देणं, आणि एक्सेलसाठी खूण फक्त तिच्यात. तीच छापून आणा, बायांना आपापली ओळ बघता येईल.